पाच तास, पंचवीस मार्क

आपल्या देशात एखाद्या गोष्टीचा निकाल लावायचा असेल तर ती सक्तीची करावी. 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर असाच एक सद्हेतूने भरलेला आदेश दिला. सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, रेडिओ आणि टीव्हीने रोज काही मिनिटे द्यावीत, आणि शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा व्हावा. स्लाइडांचे काय झाले म्हणून विचारू नका. थिएटरातली तंबाखूविरोधी जाहिरात आम्हाला तोंडपाठ आहे, पर्यावरणाची एकही आठवत नाही. राहिला कॉलेजातला विषय. यूजीसीला हलायला बारा वर्षे लागली आणि न्यायालयाला पुन्हा एकदा कान धरावा लागला. 2003 मध्ये अभ्यासक्रम ठरला, तेव्हापासून देशातला प्रत्येक पदवीधर, मग तो कॉमर्सचा असो की कानडी साहित्याचा, पर्यावरणात पास आहे. सभोवताली पाहिले की हे लगेच लक्षात येतेच.

अभ्यासक्रम मात्र वाईट नव्हता. उलट चांगला होता, इथेच खरी गंमत आहे. आठ घटक, पन्नास तास. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, लोकसंख्या वगैरे सात घटक वर्गात बसून. आठवा घटक बाहेर पडून: आपल्या भागातली नदी, जंगल, माळ किंवा टेकडी बघा आणि नोंदवा; जवळची एक प्रदूषित जागा बघा; साधी झाडे, किडे, पक्षी ओळखा; तळे किंवा ओढा कसा चालतो ते पाहा. यासाठी पाच तास दिले आणि शंभरपैकी पंचवीस मार्क ठेवले. वेळेचा दहावा हिस्सा, मार्कांचा चौथा. आखणाऱ्यांना नेमके ठाऊक होते की शिकायचे ते बाहेर आहे. यूजीसीने पाठ्यपुस्तकही करून घेतले, तेही आपल्या पुण्यातल्या डॉ. इराच भरूचा यांच्याकडून. हे गृहस्थ पेशाने शल्यचिकित्सक, ओढ जंगलाची. पुस्तक यूजीसीने फुकट उपलब्ध करून दिले. त्यामुळे अर्थातच सगळे गाइड विकत घेतात.

माझी भाची इथे बंगळुरूत बी.कॉम. करते. चामराजपेटात घर, तिसऱ्या मेन रोडपासून दोन गल्ल्या आत. मागच्या आठवड्यात तिची पर्यावरणाची फाइल चाळत होतो. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर, खाली जाड प्लास्टिकचे पान. आतल्या पहिल्या पानावर हिरव्या अक्षरांत 'प्लास्टिकला नकार द्या'. विषय: 'वृषभावती नदी, एक प्रदूषित स्थळ'. चार रंगीत फोटो, त्यातल्या तिसऱ्यात पांढऱ्या फेसात कंबरभर उभ्या बायका सूर्याला अर्घ्य देत होत्या.

''ही यमुना आहे गं,'' मी म्हटले. ''दिल्लीची छठपूजा.''

''मामा, फेस काय, सगळीकडे सारखाच.''

याला काय उत्तर देणार? शास्त्रीय दृष्ट्या पोरगी बरोबर आहे. फेस धरतो तो साबण-डिटर्जंटमुळे आणि न शुद्ध केलेल्या सांडपाण्यामुळे, आणि या बाबतीत राष्ट्रीय एकात्मता केव्हाच साधलेली आहे. फाइल कुठे केली विचारले तर म्हणाली, केली नाही, आणली. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळते. तो फक्त एवढेच विचारतो: ''ईव्हीएसा? याव कॉलेज?'' ईव्हीएस म्हणजे हाच पर्यावरणाचा विषय. कॉलेज कोणते ते सांगितले की त्या कॉलेजच्या आवडीची फाइल काढून देतो. कुणाला नदी चालते, कुणाला कचरा डेपो. नाव आणि रोल नंबर आपण घालायचा. पाच तासांचे क्षेत्रकार्य पाच मिनिटांत, वर सुटे पैसे परत.

आता ज्या नदीवर ही फाइल आहे ती उगम पावते कुठे? हिमालयात नाही. आमच्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला. चामराजपेटातून जो बुल टेंपल रोड निघतो त्यावर चालत गेले की बसवनगुडीचा दोड्ड बसव येतो, एका दगडात कोरलेला अवाढव्य नंदी. त्या नंदीच्या पायाशी वृषभावती उगवते अशी इथली श्रद्धा आहे, आणि भूगोलही फारसा विरोध करत नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग, ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या; मापट्याने मोजून घ्यायच्या आणि टरफले तिथेच पायाखाली टाकत चालायचे. पायाखाली टाकलेला हा बहुधा शहरातला एकमेव कचरा, जो खरोखर माती होतो. हल्ली त्या टरफलांत प्लास्टिकच्या पिशव्या मिसळतात आणि दरवर्षी 'यंदा प्लास्टिकमुक्त' अशी घोषणा होते. घोषणेचा फलक फ्लेक्सवर असतो का ते मी मुद्दाम पाहिलेले नाही. काही गोष्टी न पाहिल्याने प्रकृती चांगली राहते.

बंगळुरू हे शहर नदीकाठी वसलेले नाही, कण्यावर वसलेले आहे. या कण्याच्या एका बाजूला पडलेला पाऊस वृषभावतीतून अर्कावतीत आणि तिथून कावेरीत जातो. दुसऱ्या बाजूचा पूर्वेकडे, दक्षिण पिनाकिनीत. चामराजपेट त्या कण्याच्या आसपासच. मार्केटच्या अंगाने मॅजेस्टिककडून येणारा के-100 नावाचा नाला बेळ्ळंदूरला जातो, म्हणजे ज्या तळ्याला 2018 च्या जानेवारीत आग लागली आणि विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले त्या तळ्याला. पाण्याला आग लागणे ही परिसंस्थेच्या धड्यातली कुठली पातळी म्हणायची, उत्पादक, भक्षक की विघटक? थोडक्यात, चामराजपेटातल्या माणसाला प्रदूषणाच्या बाबतीत निवडीचे स्वातंत्र्य आहे. पश्चिमेकडे तोंड करून चूळ भरली तर तमिळनाडूचे मेट्टूर धरण, पूर्वेकडे केली तर बेळ्ळंदूरचा फेस.

पूर्वी असे नव्हते हे सांगायला निबंध नको, नकाशा पुरतो. नदी नाही म्हणून इथल्या लोकांनी तळी खोदली, एकाचे पाणी भरून वाहिले की दुसऱ्यात, अशी साखळी. शहर वसवणाऱ्या केंपेगौडाचे केंपांबुधी तळे आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बांधावर त्याचा बुरूजही उभा आहे. 1892 साली चामराजपेटची आखणी झाली; सरळ रेषेत पाच मेन रोड, काटकोनात क्रॉस, नाव चामराज वडियारांचे. दोनच वर्षांनी, 1894 मध्ये, हेसरघट्टाहून शहरात नळाचे पाणी आले. नळ आला आणि तळ्यांचा पगार बंद झाला. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम. म्हणजे पाणी साठवण्याच्या जागी आता बसेस आणि धावपटू साठवतात. केंपांबुधी मात्र वाचले. पावसाळ्यात गटाराचे पाणी शिरते ही तक्रार जुनी आहे, कडेला फिरायची वाट आहे, आणि सकाळी त्या वाटेवर चालणाऱ्यांपैकी पंचाहत्तर टक्के मार्क मिळवून ईव्हीएस पास झालेले किती तरी असतील. 'तळ्याची परिसंस्था आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न त्यांनी घरात बसून लिहिला होता: सूर्य, शेवाळ, छोटा मासा, मोठा मासा, बगळा.

त्या आकृतीत एक पाइप कधीच नसतो.

हाच माझा या विषयाशी झगडा आहे. जलचक्राची आकृती घ्या. समुद्र, बाष्प, ढग, डोंगर, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र, सगळीकडे गोल बाण. सुंदर. पण त्या गोलात चामराजपेटातला संडास कुठे आहे? आमचे खरे जलचक्र असे: कोडगूच्या डोंगरात तलकावेरीला पाऊस पडतो. तोरेकाडनहळ्ळीहून ते पाणी सुमारे 100 किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर उंच, तीन टप्प्यांत पंपाने ढकलत शहरात आणतात. कावेरी योजनेचा पहिला टप्पा 1974 चा. वीज किती खाते ते जलमंडळाला विचारा. वर चढवलेले ते महागडे पाणी आम्ही एका दाबात फ्लश करतो. ते वृषभावतीत उतरते, म्हैसूर रोडच्या कडेने गाळी आंजनेयाच्या देवळावरून, नायंडहळ्ळी, ज्ञानभारती, केंगेरी असे करत बिडदीजवळच्या बैरमंगल तळ्यात पोचते. तिथून अर्कावती, तिथून संगमाला पुन्हा कावेरी. ज्या नदीतून घेतले तिलाच परत, फक्त जरा खालच्या अंगाला, म्हणजे आपल्याला प्यावे लागत नाही. हिशेब चोख आहे. आणि तो पहिला पाऊस सोडला तर यात ढग कुठेही नाहीत, सगळे विजेवर आणि गुरुत्वाकर्षणावर चालते.

बैरमंगलच्या खालचे शेतकरी याच पाण्यावर बेबीकॉर्न, गुरांचा चारा वगैरे पिकवतात. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर, खताचा खर्च वाचतो. वाटेत पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतींचे पाणीही मिसळते, आणि त्या भागातल्या पाण्यात-मातीत जड धातू संशोधकांनी मोजलेले आहेत. चारा गाईने खाल्ला की पुढचे जैवसंचय या धड्यात आहे, पान उघडून बघा; तिथे उदाहरण म्हणून मासे खाणारे पक्षी आणि डीडीटी असते. 2025 मध्ये कर्नाटक सरकारने रामनगर जिल्ह्याचे नाव बदलून बंगळुरू दक्षिण केले. बऱ्याच लोकांना हा जमिनीच्या भावाचा डाव वाटला. मला तर रास्त वाटले. आमचे सांडपाणी कित्येक दशके आधीच तिथे पोचले होते, नाव उशिरा आले इतकेच.

आता कोडगूकडे, म्हणजे पश्चिम घाटाकडे, जरा वळू, कारण तिथे आपला मराठी माणूस गुंतलेला आहे. (बंगळुरूतला मराठी माणूस नव्या मराठी माणसाला आधी शहाजीराजांची जहागिरी सांगतो आणि मग घरभाडे. तिसरी गोष्ट माधव गाडगीळ असायला हवी, पण तेवढा वेळ कुणाला नसतो.) पुण्याचे गाडगीळ 1973 मध्ये इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि 1983 मध्ये त्यांनी तिथे परिस्थितिकीचे केंद्र उभे केले. त्यांनी ही विद्या देवरायांत, गुराख्यांबरोबर आणि मच्छीमारांबरोबर हिंडून केली. एनसीईआरटीने 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी 'अधिवास आणि अध्ययन' असा एक गट नेमला, त्याचे अध्यक्षही गाडगीळच. मुलांनी आपल्या गावाचे पाणी, झाडे, जमीन स्वतः बघावी, मोजावी आणि ती माहिती लोकांच्या उपयोगी पडावी, असा त्या विचाराचा रोख. म्हणजे नेमका आठवा घटक. झेरॉक्सवाल्याने हा अहवाल वाचला असता तर तो दचकलाच असता.

मग 2011 मध्ये गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला. सगळा घाट संवेदनशील माना, काय करायचे ते ग्रामसभांना विचारा, असे त्यात होते. सरकारांना यातले पहिले वाक्य आवडले नाही आणि दुसरे त्याहून आवडले नाही. तेव्हा तो तपासायला दुसरी समिती नेमली, अध्यक्ष डॉ. कस्तुरीरंगन, इस्रोचे माजी प्रमुख. म्हणजे एका बंगळुरूकराच्या अहवालावर दुसरा बंगळुरूकर, आणि तोही अंतराळातून पाहणारा. त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा सुमारे 37 टक्के भाग राखायला सांगितला. तेही जास्तच वाटले. 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने मसुदा अधिसूचना पुन्हा एकदा काढली, सहाव्यांदा. सप्टेंबरच्या अखेरीस कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल फेटाळला. आणि 16 ऑक्टोबरला त्याच सरकारने कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे थाटात उद्घाटन केले: दररोज आणखी 77 कोटी 50 लाख लिटर पाणी. डोंगर राखायला नकार आणि डोंगराच्या पाण्याला नवी पाइपलाइन, मध्ये जेमतेम तीन आठवडे. या मंत्रिमंडळातले जे पदवीधर 2004 नंतरचे असतील ते ईव्हीएस पास आहेत, एवढे तरी समाधान.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एवढ्यात हसू नये. पहिली गोष्ट, घाट ज्या सहा राज्यांतून जातो त्यांत आपलेही राज्य आहे आणि गाडगीळ अहवालाला आपणही कधी आरती ओवाळली नव्हती. दुसरी गोष्ट, मिठी ही नदी आहे हे मुंबईला 26 जुलै 2005 ला समजले, तेही 944 मिलिमीटर पाऊस पडून घरात पाणी शिरल्यावर. तोवर ती कुर्ल्याच्या पुलावरून दिसणारा नालाच होती. पुण्यात मुठेच्या काठावर बाकडी, फरशा आणि दिवे बसवून नदीला सुधारण्याचे काम चालू आहे, आत काय वाहते ते पुढच्या टप्प्यात. आमच्या के-100 लाही असाच साज चढवला. नदीचे दुखणे बरे करण्यापेक्षा तिला नवी साडी नेसवणे स्वस्त पडते, आणि फोटोही बरे येतात.

वृषभावतीला तर आता मेट्रो लाभली आहे. 2021 मध्ये जांभळी लाइन केंगेरीपर्यंत गेली आणि बराचसा मार्ग नदीच्या खोऱ्यातून, तिच्या अंगावरूनच जातो. एसी डबा, काचा बंद. खाली काळे पाणी, वर फेसाचे पुंजके, कडेला एखादा पांढरा बगळा ध्यान लावून. वास शून्य. ज्ञानभारती स्टेशनवर बंगळुरू विद्यापीठाची मुले उतरतात, मोबाइलमध्ये डोके घालून. त्यातल्या काहींच्या मोबाइलमध्ये 'वृषभावतीच्या प्रदूषणाची कारणे (10 मार्क)' असेल. खिडकीबाहेर ती कारणे ताशी ऐंशीच्या वेगाने मागे जातात.

2023 मध्ये यूजीसीने पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा आणला. त्यात हवामान बदल आला, कचरा आला, स्वच्छता आली, शाश्वत विकास तर आलाच. प्राध्यापकांची तक्रार अशी की वर्गात ऐंशी पोरे, विषय शिकवायला मिळतो तो इंग्रजीच्या किंवा कॉमर्सच्या माणसाला, आणि नदीकाठी नेले की पालकांचे संमतिपत्र, विमा, प्राचार्यांची सही, मुलींसाठी वेगळी व्यवस्था. तक्रार खोटी नाही. कुणीतरी नाल्यात पडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो. नदी नाल्यात पडली त्याला जबाबदार कोण, हा निघत नाही, कारण ते अभ्यासक्रमाबाहेरचे आहे.

आणि तरी पाच तास भरपूर आहेत. सकाळी सातला नंदीच्या देवळापाशी जमायचे. तिथून खाली केंपांबुधी, तळ्याला मिळणारे सगळे नाले मोजायचे, हाताच्या बोटांवर होते. मग गाळी आंजनेयापाशी पुलावर थांबून एक काचेची बाटली दोरीने सोडून भरून घ्यायची, बरोबर एक थर्मामीटर आणि पीएच कागदाची पट्टी. हे सामान कुठल्याही कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या कपाटात पडलेले असते. मग मेट्रोने केंगेरी, दुसरी बाटली. ऑक्सिजन मोजायचे किट फार महाग नाही. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की बीओडी म्हणजे काय, पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते, ते कॉमर्सच्या पोराला गाइडाशिवाय कळेल, आणि कॉमर्सचेच असल्यामुळे पुढचा प्रश्न तोच विचारेल: हे पाणी वर चढवायला किती रुपये आणि खाली सोडायला किती? या प्रश्नाला एकाही विद्यापीठाने अजून मार्क ठेवलेले नाहीत.

बैरमंगलपर्यंत जायला वेळ नाही, असे ऐकले. पण दरवर्षी आमच्या भागातल्या किती तरी कॉलेजांच्या सहली बिडदीला वंडरलाला जातात. पोरे त्या पार्कच्या निळ्या पाण्यात दिवसभर डुंबतात, संमतिपत्र, विमा, सही सगळे वेळेवर होते, मुलींची वेगळी व्यवस्थाही. बस जाते ती म्हैसूर रोडनेच, अर्धा रस्ता वृषभावती खिडकीला लागून. बैरमंगल तिथून आणखी थोडेच पुढे. ड्रायव्हरला सांगितले तर तो फार तर अर्धा तास जादा घेईल, आणि चहाचे पैसे.